गाऱ्हाणे आणि कौल

सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला आणि देशाचा वायू प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा त्याच महिन्याच्या 16 तारखेस अंमलात आला. पंधरवड्याच्या अंतराने जन्मलेली ही दोन भावंडे पुढची पंचवीस वर्षे एकमेकांना फारशी ओळखत नव्हती, असे म्हटले तर वावगे ठरू नये. रेडीच्या लोहखनिजाची लाल धूळ सोडली, तर या किनाऱ्यावर हवेला कायद्याची गरज पडेल असे कुणाला वाटत नव्हते. आमच्याकडे 'हवा बिघडली' म्हणजे होडी पाण्यात ढकलायची नाही, आणि 'यंदा हवा बरी आहे' म्हणजे मोहोर टिकेल, एवढाच त्या शब्दाचा व्यवहार. दिवसा खारा वारा, रात्री मतलई वारा. दोघांचेही मालक कुणी नाहीत आणि दोघांविषयी कुणाची परवानगी मागावी लागत नाही, अशी आमची समजूत होती.

आम्ही म्हणजे या किनाऱ्यावर मराठी शिकणारी आणि शिकवणारी काही माणसे. आमच्यांत रसायनशास्त्राचा पदवीधर एकही नाही. मग हवेच्या धोरणाविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की हवा स्वच्छ राखण्याचा आपल्या देशातला बराचसा व्यवहार धुराड्याशी सुरू होण्यापूर्वी कागदावर होतो. सूचना, सारांश, हरकती, इतिवृत्त, अभिप्राय आणि अटी या सगळ्यांना भाषा लागते. आणि भाषा जिथे आहे तिथे अर्थ हरवण्याची शक्यताही आहे. ती शक्यता पाहण्याचा थोडासा सराव आमच्या विषयाने आम्हांला दिला आहे.

या भानगडीशी आमचा परिचय झाला तो गिर्ये या गावाच्या नावाने. 2006 च्या सुमारास केंद्र सरकारच्या अतिविशाल वीजप्रकल्पांच्या योजनेत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा 4000 मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प देवगड तालुक्यातल्या गिर्ये येथे यावा असे ठरत होते. पुढे त्याच तालुक्यातल्या मुणगे गावाचे नाव आले. देवगड म्हणजे हापूस, आणि हापूस म्हणजे पौष-माघातला मोहोर. कोळशाच्या धुरातला गंधक आणि उडती राख त्या मोहोरावर बसली तर काय होईल, याची चर्चा तेव्हा माजघरांपासून मासळीबाजारापर्यंत चाले. बागायतदार आणि मच्छीमार यांचे एरवी फारसे एकमत होत नाही. या प्रश्नावर ते झाले. विरोध वाढला आणि तो प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही. त्याच काळात 'जनसुनावणी' हा शब्द आमच्या बोलण्यात रुळला. 'सुनावणी केव्हा?' असे लोक विचारू लागले, जशी पूर्वी 'जत्रा केव्हा?' अशी विचारणा होई.

हा शब्द कायद्यात आला कसा, तेही पाहू. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे करणारी अधिसूचना 1994 ची. तीत जनसुनावणी अनिवार्य झाली ती 10 एप्रिल 1997 च्या दुरुस्तीने. आज चालते ती पद्धत 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेची. तीनुसार सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांतून द्यावी लागते; अहवाल आणि त्याचा स्थानिक भाषेतला सारांश ठरावीक कार्यालयांत पाहावयास ठेवावा लागतो; अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी असावा लागतो; सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण व्हावे लागते; आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. उलट, 1997 पूर्वी यातले काहीच नव्हते हे लक्षात घेतले, तर तिची किंमत कमी लेखता येणार नाही.

तरीही 'सुनावणी' या शब्दापाशी आम्ही थबकतो. मराठीत सुनावणी ही न्यायालयाची. ती संपली की निकाल लागतो, आणि ज्याने ऐकले त्यानेच तो द्यायचा असतो. याच धातूचे दुसरे रूप आपण घरीदारी वापरतो: 'त्याला चांगले सुनावले'. जनसुनावणीत बहुधा हे दुसरेच घडते. लोक सुनावतात आणि मोकळे होतात. निकाल मात्र तिथे लागत नाही, कारण मंचावर बसलेल्या अधिकाऱ्याला तो देण्याचा अधिकारच नाही. त्याने फक्त इतिवृत्त पुढे पाठवायचे. निर्णय होतो तो दिल्लीत किंवा मुंबईत, तज्ज्ञांच्या समितीपुढे आणि मग मंत्रालयात. ज्यांनी ऐकले ते ठरवत नाहीत. जे ठरवतात त्यांनी ऐकलेले नसते, वाचलेले असते. शिवाय या सभेला गणपूर्तीचे बंधन नाही, असे अधिसूचनाच सांगते. आमच्या ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसे लागतात, पण हजारो मेगावॅटच्या सुनावणीला किती माणसे आली याने कायद्याला फरक पडत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आणखी पुढे आहे. लोकांनी उपस्थित केलेल्या मुद्द्यांची आणि त्यांवरच्या उत्तरांची एक तालिका तयार करून इतिवृत्ताला जोडावी, अशी तरतूद आहे. ही उत्तरे कुणाची? प्रकल्पधारकाची. गावकरी जो प्रश्न शासनाला म्हणून विचारतो, त्याचे उत्तर त्याला प्रकल्प आणणाऱ्याकडून मिळते. तज्ज्ञ समितीने सुनावणीतल्या मुद्द्यांचा विचार करावा अशी अपेक्षा आहेच. पण बोलणाऱ्या माणसाला, त्याच्या भाषेत, 'तुमचा हा मुद्दा आम्ही या कारणासाठी मान्य केला' किंवा 'या कारणासाठी अमान्य केला' असे शासनाने कळवावे अशी सोय या रचनेत नाही.

आता भाषेकडे वळू. मूळ अहवाल इंग्रजीत असतो आणि कित्येकशे पानांचा असतो. मराठीत येतो तो सारांश. असे काही सारांश आम्ही वेळोवेळी मिळवून वाचले. एकात आम्हांला 'फरारी उत्सर्जन' असा शब्दप्रयोग आढळला. बराच वेळ विचार केल्यावर उमगले, की धुराड्यातून न जाता कोळशाच्या ढिगावरून, पट्ट्यावरून किंवा डंपरच्या मागून इकडेतिकडे उडणारी धूळ म्हणजे हे फरारी उत्सर्जन. आमच्या गावातल्या कोणत्याही बाईने तिला नुसते 'उडणारी धूळ' म्हटले असते आणि तिचा त्रास कसा होतो तेही चार वाक्यांत सांगितले असते. पण सारांशात धूळ फरार झाली होती, आणि तिच्याबरोबर तो प्रश्नही. हरकत कशावर घ्यायची हेच वाचणाऱ्याला कळले नाही, तर हरकत घेण्याचा हक्क त्याच्या काय कामाचा?

उलट दिशेचा प्रवास याहून अवघड आहे. सुनावणीला येणारा माणूस बोलतो मालवणी. समजा, एखादा बागायतदार उभा राहून म्हणाला, 'आमचो मोहोर करपलो तर त्याचो जबाब कोण देतलो?' या वाक्यात जबाबदारीचा प्रश्न आहे, नुकसानभरपाईचा आहे, आणि 'कोण' या शब्दात अविश्वासाचाही आहे. इतिवृत्तात त्याचे 'आंबा पिकावरील संभाव्य परिणामांबाबत विचारणा करण्यात आली' असे प्रमाण मराठी होते. पुढे त्याचे इंग्रजी होते. त्यावरचे उत्तर साधारण असे असते, की उत्सर्जन विहित मानकांच्या मर्यादेत राहील. प्रश्न होता 'कोण' असा. उत्तर आले 'किती' याचे. ज्याला आपण शैली म्हणतो ती येथे अलंकार नसून पुराव्याचाच भाग असते, आणि ती गाळली की पुरावाही जातो. कर्मणी प्रयोगाचा हा उपयोग व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही.

भाषेचा हा प्रश्न केवळ आमच्यासारख्यांचा छांदिष्टपणा नाही, हे 2020 मध्ये साऱ्या देशाने पाहिले. जुनी अधिसूचना बदलून नवी आणण्याचा मसुदा केंद्र सरकारने त्या वर्षी हरकतींसाठी खुला केला. टाळेबंदीचा काळ, आणि मसुदा फक्त इंग्रजी व हिंदीत. सुनावणीच्या सूचनेचा कालावधी 30 दिवसांवरून 20 वर आणण्याची तरतूदही त्यात होती. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषांत उपलब्ध करावा असे सांगितले. केंद्राने या आदेशाला विरोध केला. आम्हांला यातला निव्वळ तर्क महत्त्वाचा वाटतो: ज्या भाषेत लोक मत देतात, त्या भाषेत त्यांना मत विचारले गेले पाहिजे. लोकशाहीतला इतका साधा विचार न्यायालयाकडून वदवून घ्यावा लागला.

आमच्या गावरहाटीत विचारण्याची एक जुनी पद्धत आहे, आणि तिचे शब्द येथे उपयोगी पडतात. देवळात गाऱ्हाणे घातले जाते. गाऱ्हाणे घालणारा एकेक मागणे मोठ्याने उच्चारतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. पण गोष्ट गाऱ्हाण्यापाशी संपत नाही. पुढे कौल लावला जातो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. ती कौलाने ठरते हे सर्वांना ठाऊक आहे. कौल उजवा येतो किंवा डावा येतो. तो मनाविरुद्ध आला तरी माणूस घरी जातो तो उत्तर घेऊन. निवडणुकीच्या निकालाला मराठी वर्तमानपत्रे 'जनतेचा कौल' म्हणतात, ते या अर्थाने फार बोलके आहे. जनसुनावणीत आम्हांला गाऱ्हाणे घालू दिले जाते. कौल लागतो तो दुसरीकडे कुठेतरी, आमच्या पाठीमागे, आणि तो कोणत्या कारणाने तसा लागला हे आम्हांला कळत नाही.

या जुन्या पद्धतीचे आम्ही गोडवे गात नाही. गाऱ्हाणे घालण्याचा मान कुणाचा हे जन्माने ठरते. त्या साथीत बायकांचा आणि गावकुसाबाहेरच्यांचा आवाज किती होता, हे सांगण्याची गरज नाही. राज्यघटनेने आणि 1993 च्या पंचायत राज दुरुस्तीने ग्रामसभा दिली ती याच उणिवेवर उतारा म्हणून. आमचे म्हणणे एवढेच, की जुन्या व्यवस्थेला जे कळत होते, म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर दिले पाहिजे, ते नव्या व्यवस्थेने विसरू नये.

उत्तर मागितले की ते मिळू शकते, अशीही उदाहरणे याच किनारपट्टीवर आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगड येथील 1200 मेगावॅटच्या कोळसा प्रकल्पाला 2007 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. हापूसवर काय परिणाम होईल याचा अभ्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने करावयाचा होता आणि त्याला काही वर्षे लागणार होती. मंजुरी आधी आणि अभ्यास नंतर, असा हा क्रम. एक बागायतदार दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सप्टेंबर 2009 मध्ये या क्रमावर बोट ठेवले आणि आंब्याचा प्रश्न तज्ज्ञ समितीने पुन्हा विचारात घ्यावा असे सांगितले. प्रकल्प त्यामुळे थांबला नाही. 2010 पासून तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. पण मोहोराविषयीची शंका ही भावनेची बाब नसून उत्तर देण्याजोगा प्रश्न आहे, एवढे त्या निकालाने नोंदवून ठेवले.

दुसरे उदाहरण डहाणूचे, आणि ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. तेथे 500 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प चिकूच्या बागांच्या शेजारी उभा आहे. केंद्राने 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. तेवढ्याने भागेना, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1996 च्या अखेरीस डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. दादा धर्माधिकारींचे चिरंजीव आणि स्वतः मराठी लेखक म्हणून आमचे वाचक त्यांना ओळखतात. या प्राधिकरणाने 1999 मध्ये प्रकल्पाला धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. ती सुरू व्हायला 2007 उजाडले. आठ वर्षे हा फार मोठा काळ आहे खरा. पण ती आठ वर्षे प्राधिकरण जागेवर होते. बागायतदार, आदिवासी, कार्यकर्ते आणि कंपनी सगळे त्याच्यापुढे पुन:पुन्हा येऊ शकत होते. मागच्या वेळी काय ठरले होते याची आठवण करून देऊ शकत होते. देशातल्या सर्व औष्णिक केंद्रांसाठी गंधकाची मर्यादा आली ती डिसेंबर 2015 मध्ये, तीही मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिली. डहाणूला ती आठ वर्षे आधी मिळाली, कारण तेथे ऐकणारा आणि ठरवणारा एकच होता आणि तो एका दिवसाच्या मांडवापुरता आलेला नव्हता.

आमच्या जिल्ह्याची कथा याच्या उलट दिशेने गेली. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीसाठी 2008 मध्ये जनसुनावणी झाली. गावातून विरोध होता. 2009 मध्ये मंजुरी मिळाली आणि खाण सुरू झाली. जुलै 2021 च्या पावसात त्या खाणीचा बांध फुटून गाळाचे पाणी वस्तीत आणि बागांत शिरले. हरकती घेणाऱ्यांना पुढचे दिसत होते असे आम्ही म्हणणार नाही. पण हरकती विचारात घेतल्या होत्या, तर त्या कोणत्या कारणाने बाजूला ठेवल्या, हे गावाला कधी सांगितले गेले का, एवढे विचारणे रास्त आहे.

या काळात आणखी एक घटना घडली आणि तिची नोंद फारशी घेतली जात नाही. सह्याद्रीच्या पर्यावरणाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने 2010 मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. हा गट आमच्या जिल्ह्यात आला, फिरला, लोकांशी बोलला. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या 25 गावांच्या ग्रामसभांनी, आमचे गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा, असे ठराव आपण होऊन केले. कुणी न मागता, खालून वर गेलेले हे ठराव होते. गटाचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सादर झाला. संरक्षणाचे स्वरूप ग्रामसभांपर्यंत जाऊन, त्यांच्याशी बोलून ठरवावे, असे त्याचे सूत्र होते. तो अहवाल मात्र शासनाने दाबून ठेवला. माहिती आयोगाचा आदेश झाला, शासन दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथे हरले, आणि मे 2012 मध्ये अहवाल लोकांना वाचावयास मिळाला. त्याचे जे मराठी रूप सरकारी पातळीवरून पुढे आले त्यात मूळ आशयाचा विपर्यास झाल्याची तक्रार स्वतः गाडगीळांनी केली. मग गावोगाव अफवा पसरल्या: घर दुरुस्त करता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत, झाडाची फांदी तोडता येणार नाही. पुढे अनेक गावांतून विरोधाचे ठराव झाले. एकाच जिल्ह्यातल्या ग्रामसभा काही बाजूने, काही विरुद्ध. यातला लोकांचा कौल कोणता मानायचा? आमच्या मते, ज्यांना मजकूर नीट वाचावयास मिळाला त्यांचा कौल आणि ज्यांना अफवा मिळाली त्यांचा कौल यांची बेरीज करण्यापूर्वी, तो मजकूर सर्वांच्या हाती देणे शासनाला भाग होते. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी निघाला. हरकतींसाठी पुन्हा 60 दिवस. पहिल्या पाच मसुद्यांवर लोकांनी जे म्हटले होते त्याचे काय झाले, हे सहाव्यात शोधून पाहावे.

येथवर वाचून कुणी म्हणेल, की ग्रामसभेला सगळे अधिकार द्या म्हणजे हवा आपोआप शुद्ध राहील, असे या मंडळींचे म्हणणे दिसते. तसे ते नाही, आणि या आक्षेपाला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हवा गावाची शीव ओळखत नाही. देवगडच्या धुराड्यावर मालवणच्या लोकांचे काही म्हणणे असू शकते, आणि मतलई वाऱ्याने समुद्रावर गेलेली राख कुणाच्या ग्रामसभेत मांडायची हा प्रश्नच आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत. देशाच्या 2009 च्या मानकांनुसार त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, तर जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 5 ही मर्यादा सुचवते. या दोन आकड्यांतला फरक हात वर करून मिटवता येणार नाही. शिवाय धूर करणारे सगळे परके नसतात. चिरेखाणीतली धूळ आमचीच, डंपर आमच्याच शेजाऱ्याचा, त्याचा बँकेचा हप्ता खरा आणि त्या डंपरवर चालणारा संसारही खरा. पावसाळ्यापूर्वी शेतात भाजावळ होते, चुलीचा धूर घरच्या बाईच्या फुप्फुसात जातो. उद्या भाजावळ बंद करा असा हुकूम वरून आला, तर आम्हीच सर्वांत आधी ग्रामसभेत ओरडू. लोक स्वच्छ हवेच्याच बाजूने बोलतील अशी हमी लोकशाही देत नाही.

पण म्हणून विचारूच नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तज्ज्ञाने सांगावे की किती कण किती घातक. ते कुणाच्या छातीत जाणार आणि कुणाच्या सोयीसाठी, हा तज्ज्ञतेचा प्रश्न नव्हे. तो वाटपाचा, म्हणजे राजकारणाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर न विचारता दिले तर ते बरोबर असूनही बेकायदा वाटते. आजच्या धोरणात हे वाटप कसे होते पाहा. जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे; मानके सतत ओलांडणारी शहरे त्यात घेतली गेली. जिथे सतत मोजणी नाही तिथे मानक ओलांडल्याची नोंदही नाही, आणि खेडे या हिशेबात येतच नाही. गंधकाच्या यंत्रणेविषयी 11 जुलै 2025 रोजी निघालेल्या नव्या अधिसूचनेने प्रकल्पांची विभागणी केली ती दहा लाखांहून मोठ्या शहरांपासून, अतिप्रदूषित क्षेत्रांपासून आणि मानक न पाळणाऱ्या शहरांपासून ते 10 किलोमीटरच्या आत आहेत की नाहीत यावर; बाकीच्या बहुतेकांना सूट. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत: सामाजिक वनीकरण आहे, जळण आणि चारा आहे, आरोग्य आणि स्वच्छता आहे. 'पर्यावरण संरक्षण' असा स्पष्ट उल्लेख मात्र बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांच्या वाट्याला आहे. आणि 1981 च्या मूळ कायद्यात एखादे क्षेत्र वायू प्रदूषण नियंत्रणाखाली आणण्यापूर्वी राज्य शासनाने सल्ला घ्यायचा तो मंडळाचा, लोकांचा नव्हे. म्हणजे हवा खेड्यातली, पण तिच्याविषयी बोलण्याची जागा खेड्याला कायद्याने दिलेली नाही. दिली आहे ती केवळ प्रकल्प दाराशी आल्यावर एका दिवसाची सुनावणी.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. नकाराधिकार प्रत्येक गावाला मिळावा इतकेही ते नाही, जरी ओडिशातल्या नियमगिरीच्या 12 ग्रामसभांना 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले आणि त्या बाराही जणींनी नाही म्हटले, हे उदाहरण आमच्यापुढे आहे. आम्हांला हवे ते असे: सारांश अशा मराठीत असावा की ज्याला धूळ लागते त्याला त्यातली धूळ ओळखता यावी. इतिवृत्तात माणसाचे वाक्य त्याच्या बोलीत नोंदले जावे, भाषांतर त्याच्या खाली यावे. आणि जो निर्णय घेतो त्याने प्रत्येक महत्त्वाच्या हरकतीला कारणासह उत्तर द्यावे, ते उत्तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावे, आणि वर्षभराने कुणीतरी परत येऊन, ठरले तसे झाले का, हे त्याच लोकांना विचारावे. निर्णय विरुद्ध गेला तरी चालेल. कारण कळले तर त्याच्याशी भांडता येते, आणि ज्याच्याशी भांडता येते तेच शासन आपले वाटते.

वाचकांपैकी बरेच जण शिकवतात किंवा शिकतात, म्हणून शेवटी एक सुचवणे. पदवीच्या वर्गात सारांशलेखन आणि व्यावहारिक मराठी हे विषय आपण बँकेच्या पत्रांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर खर्च करतो. आम्ही अलीकडे त्याऐवजी एखाद्या प्रकल्पाचा मराठी सारांश वर्गात घेतो. अर्धे विद्यार्थी मालवणीत हरकत मांडतात, उरलेले तिचे इतिवृत्त लिहितात, आणि मग सारे मिळून पाहतात की 'कोण' हा शब्द कागदावर टिकला की नाही. बहुतेक वेळा पहिल्या मसुद्यात तो गळलेला असतो. दुसऱ्यात परत येतो. यातली काही मुले उद्या तलाठी होतील, ग्रामसेवक होतील, एखादा मंत्रालयात टिपण्या लिहील. सुनावणीच्या मांडवात बसून इतिवृत्त लिहिण्याचे काम त्यांच्याकडे येईल तेव्हा तो शब्द त्यांनी लिहावा, एवढ्यासाठी तास-दोन तास देण्यास आमची हरकत नाही.